कट् वाजलं म्हणजे मणका जागेवर बसला का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. नवरा आयटीत, घरूनच काम, दिवसभर खुर्चीत. गेली दोन वर्षं त्याची कंबर अधूनमधून धरते. ऑफिसच्या आरोग्य मेळाव्यात एका कायरोप्रॅक्टरने (मणक्याला हाताने झटके देऊन उपचार करणाऱ्याने) मोफत तपासणी केली, मग क्लिनिकमध्ये बोलावून सगळ्या मणक्याचा एक्स-रे काढला. सांगितलं की तीन ठिकाणी सब्लक्सेशन आहे, म्हणजे मणका जागेवरून किंचित सरकलाय, नसा दबल्यात, आत्ता लक्ष दिलं नाही तर पुढे पचन, झोप, प्रतिकारशक्ती सगळ्यावर परिणाम होईल. ३६ बैठकांचं पॅकेज घेतलंय, पैसे आगाऊ भरून. दहाएक झाल्या आणि नवऱ्याला खरंच बरं वाटतंय! आता ते म्हणतात, घरातल्या सगळ्यांनाच घेऊन या. सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्यात. वय ६८, हाडं ठिसूळ झाल्याचं तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलंय, मान दुखते. त्या जायला एका पायावर तयार, कारण लहानपणी गावातल्या पायाळू बाईने पाठीला पाय लावला आणि त्यांची उसण गेली होती. बाळ अडीच महिन्यांचं आहे, संध्याकाळी तासन्‌तास रडतं. त्याचाही मणका 'सेट' करून देतो म्हणतात. सासरे फोनवर सांगतात की ही आपल्या हाडवैद्यांचीच विद्या, गोऱ्यांनी उचलली. मी काही बोलले की घरात मीच शंकेखोर ठरते. हे शास्त्र आहे की श्रद्धा? आणि भरलेले पैसे सोडून द्यायचे का?

उत्तर :

बाळाला नेऊ नका. बाकी सगळ्यावर घरात चर्चा होऊ दे, वाद झाला तरी चालेल, पण ही एक गोष्ट चर्चेलाच ठेवू नका.

अडीच महिन्यांच्या बाळाच्या मणक्यात 'सेट' करण्यासारखं काही बिघडलेलं नसतं. संध्याकाळचं ते न थांबणारं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिने पूर्ण होता होता बहुतेक बाळांचं आपोआप ओसरतं. म्हणजे आज तुम्ही बाळाला कायरोप्रॅक्टरकडे नेलंत, दृष्ट काढवलीत किंवा नुसत्या खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्यात, तरी महिन्या-दीड महिन्यात ते शांत व्हायची शक्यता दांडगी आहे. श्रेय मात्र शेवटी ज्याच्याकडे नेलंत त्याला मिळेल. या विषयावरच्या चाचण्या 'कोक्रेन' या संस्थेने २०१२ मध्ये एकत्र करून तपासल्या : सहा अभ्यास, सगळे मिळून ३२५ बाळं. रडण्याचे तास थोडे कमी झालेले दिसले खरे. पण रडण्याची नोंद ठेवत होते आईबाप, आणि बऱ्याच अभ्यासांत त्यांना ठाऊक होतं की आपल्या बाळावर उपचार झालाय. जिथे ही गोष्ट आईबापांपासून लपवून ठेवली होती, तेवढेच अभ्यास घेतले तर खात्रीलायक फरक उरला नाही. ऑस्ट्रेलियात तर कायरोप्रॅक्टरांच्याच नियामक मंडळाने २०१९ मध्ये आपल्या लोकांना बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांच्या मणक्यावर हा प्रयोग करू नका.

बाळाला ताप आला, दूध घेईना, हिरवट उलटी झाली, वजन वाढेना किंवा ते मलूल पडलं, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. नाहीतर सासूबाईंच्या हातची हलकी मालीश आणि घरातल्या सगळ्यांनी पाळीपाळीने घेतलेली रात्र, एवढंच औषध. आपल्याकडे बाळाला पाय धरून उलटं झुलवणाऱ्या, हातपाय करकचून ताणणाऱ्या मालीशवाल्या बाया असतात. नियम त्यांनाही तोच.

आता सासूबाई. त्यांच्या बाबतीतही माझं उत्तर नाही असंच आहे, पण त्याची कारणं त्यांना नीट समजावून सांगायला हवीत, कारण त्या आपणहून निघाल्या आहेत. ठिसूळ हाडांवर झटका देऊ नये हे कायरोप्रॅक्टिकच्या कॉलेजातही शिकवतात. अशा वयात साधं वाकल्याने किंवा जड पिशवी उचलल्यानेही मणका दबून चेमटू शकतो, आणि तो चेमटलाय हे कधीकधी कळतही नाही, नुसती पाठ दुखते. त्या क्लिनिकमध्ये सासूबाईंना जर कुणी त्यांच्या हाडांच्या घनतेचा रिपोर्ट न मागताच टेबलावर झोपा म्हटलं, तर त्या जागेबद्दल आणखी काही जाणून घ्यायची गरज नाही.

शिवाय दुखतेय ती मान, आणि माझा सगळ्यात जास्त आक्षेप मानेच्या झटक्याला आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या चार मोठ्या वाहिन्यांपैकी मागच्या दोन मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर चढतात आणि सगळ्यात वरच्या मणक्यापाशी वळसा घेऊन कवटीत शिरतात. मान एकदम वळवून हिसका दिला तर या वाहिनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. हे फार विरळा घडतं. आणि खरं सांगायचं तर दोष नेमका झटक्याचा किती, यावर अजून वाद आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला २००८ चा मोठा अभ्यास सांगतो की असा पक्षाघात झालेले लोक आधीच्या दिवसांत जसे कायरोप्रॅक्टरकडे गेले होते तसेच साध्या डॉक्टरकडेही गेले होते. म्हणजे काहींची रक्तवाहिनी आधीच फाटायला लागलेली असते, त्यामुळे मान दुखते, म्हणून ते कुणाकडे तरी जातात. युक्तिवाद पटण्यासारखा आहे. पण मग फाटू लागलेल्या वाहिनीवर वरून हिसका द्यावा का? अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये एवढंच म्हटलं की संबंध सिद्ध झाला नसला तरी रुग्णाला हा धोका आधी सांगितला पाहिजे. मानदुखीला सावकाश व्यायाम, शेक, उशी बदलणं असे बिनधोक उपाय आहेत, तेव्हा मी माझ्या घरातल्या कुणाच्याही मानेला झटका देऊ देणार नाही. तरी कुणी मान मोडून घेतलीच आणि नंतर कधी नव्हे असं डोकं किंवा मान ठणकायला लागली, चक्कर, दोन-दोन दिसणं, बोबडं बोलणं, गिळता न येणं, तोल जाणं यातलं काही झालं, तर क्लिनिकला फोन करायचा नाही, ९११ ला करायचा.

राहिले तुमचे यजमान. इथे मला दोन्ही बाजूंनी बोलावं लागणार आहे. एक गोष्ट आधीच सांगते : मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे कायरोप्रॅक्टरांची धंद्यातली शेजारीण. माझं म्हणणं तेवढं चाळून घ्या.

त्याला बरं वाटतंय, ते खरं आहे. मनाचे खेळ म्हणून उडवून लावू नका, ते खोटंही ठरेल आणि घरात भांडणही होईल. कमरेच्या दुखण्यावर हाताने दिलेल्या झटक्यांचे अभ्यास आता भरपूर झालेत. २०१७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात नव्या कंबरदुखीवरच्या २६ चाचण्यांचा आढावा आला. शून्य ते शंभर अशा वेदनेच्या मापावर सहा आठवड्यांत सरासरी दहाएक अंकांनी दुखणं जास्त उतरलं. जुन्या कंबरदुखीवर २०१९ चा आढावा आहे, ४७ चाचण्या आणि नऊ हजारांवर रुग्ण. निष्कर्ष असा की व्यायामासारखे जे उपाय एरवी सुचवले जातात त्यांच्याइतकाच याचा उपयोग. जास्त नाही, कमीही नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये डॉक्टरांना सांगितलं की कंबरदुखीला गोळ्यांआधी शेक, मालीश, मणक्याचे झटके असे उपाय करून बघा. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शनात, २०१६ च्या, एक अट आहे : हाताचे उपचार द्यायचे तर व्यायामाच्या जोडीनेच. थोडक्यात, प्रौढ माणसाच्या साध्या कंबरदुखीवर हा एक मध्यम ताकदीचा, चालण्यासारखा उपाय आहे. नंतर एक-दोन दिवस अंग दुखतं, निम्म्याअधिक लोकांना तसं होतं, पण ते जातं.

माझ्या धंद्याची अवस्था फार वेगळी नाही बरं का. कमरेला ताण द्यायचं यंत्र, अल्ट्रासाउंडचा शेक, आपल्याकडे प्रत्येक घरात एक सापडतो तो कमरेचा पट्टा : जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीबद्दल जी शिफारस केली, तिच्यात हे सगळं नको असं म्हटलंय, आणि मणक्याच्या झटक्यांना मात्र सशर्त होकार दिलाय. आमच्यातल्या कितीतरी जणांना ते वाचून घाम फुटला असेल.

मग मला खटकतंय काय? मला खटकते ती त्या हातांसोबत विकली जाणारी कथा. सब्लक्सेशन, दबलेल्या नसा, पचन, प्रतिकारशक्ती. कंबर थोडी सैल झाली हा पुरावा वापरून बाळाच्या रडण्यापर्यंत सगळं गळ्यात मारलं जातं, ते या कथेच्या जोरावर. तिचं मूळ सासऱ्यांना जरूर सांगा, कारण ते सांगलीत नाही आणि बनारसमध्येही नाही. ते आहे आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी.

डॅनियल डेव्हिड पामर हा कॅनडात जन्मलेला, किराणा दुकान वगैरे करून झालेला माणूस डेव्हनपोर्टला 'चुंबकीय उपचार' करायचा, म्हणजे हात फिरवून रोग काढायचा. त्याच्या इमारतीत हार्वी लिलार्ड नावाचा एक सफाई कामगार होता, त्याला १७ वर्षं जवळपास ऐकूच येत नव्हतं. १८ सप्टेंबर १८९५ ला पामरने त्याच्या पाठीतला एक वर आलेला मणका दाबून बसवला आणि लिलार्डला ऐकू येऊ लागलं, अशी ही जन्मकथा. लिलार्डच्या मुलीने पुढे सांगितलेली हकीकत निराळी आहे : वडील कुणालातरी विनोद सांगत होते, पामरने हसत हसत त्यांच्या पाठीत हातातलं पुस्तक हाणलं, आणि काही दिवसांनी ऐकण्यात फरक जाणवला. दोन्हींतली कुठलीही धरा, अडचण एकच आहे. ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, ती पाठीच्या मणक्यातून जातच नाही. पण पामर थांबला नाही. शंभरातले ९५ रोग सरकलेल्या मणक्यांमुळे होतात, असं त्याने छापून सांगितलं. शरीरात एक उपजत प्रज्ञा वाहत असते, मणका सरकला की तिचा प्रवाह अडतो, तो मोकळा केला की शरीर स्वतःला बरं करतं, हे त्याचं तत्त्वज्ञान. १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून त्याला तुरुंगात जावं लागलं. त्यानंतर त्याने कायरोप्रॅक्टिक हा धर्म म्हणूनच जाहीर करावा का, म्हणजे परवान्याचा प्रश्न सुटेल, असाही विचार लिहून ठेवला. तुम्ही विचारलंत ना, शास्त्र की श्रद्धा? संस्थापकालाही हा प्रश्न पडला होता.

ती उपजत प्रज्ञा आपल्या कानाला प्राणासारखी, नाडीसारखी वाटते. मला वाटतं तुमच्या सासऱ्यांना हे 'आपलंच' वाटतं त्याचं कारण इथे आहे. प्रवाह, अडथळा, मोकळं होणं ही भाषा आपल्या अंगवळणी पडलेली आहे. पण आपल्या परंपरेत हाडांचा विषय फार जमिनीवरचा होता. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या आणि निखळलेल्या हाडांवर स्वतंत्र अध्याय आहे : ताणून जागेवर आणा, झाडाच्या सालीच्या पट्ट्या लावून बांधा, किती दिवसांनी सोडा. बहिरेपण मणक्यात शोधा, असं तिथे कुणी म्हणत नाही. हाडवैद्यही हेच करत आला, आणि निखळलेला खांदा बसवणारे त्यांच्यातले काही हात फार कसबी होते. इंग्लंडात तर १८६७ मध्ये सर जेम्स पॅजेट यांच्यासारख्या नामांकित सर्जनने 'हाडं बसवणारे गावठी लोक कोणते रुग्ण बरे करतात' यावर व्याख्यान देऊन आपल्या डॉक्टर बांधवांना सांगितलं होतं की त्यांच्याकडून शिका, आणि त्यांच्या चुका टाळा. मला ही वृत्ती आवडते. चुकाही टाळण्यासारख्याच आहेत : करकचून बांधलेल्या कामट्यांखाली रक्त अडून हात काळा पडल्याच्या केसेस आपल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी पुष्कळ पाहिल्यात.

सासूबाईंच्या पायाळू बाईचंही तेच. पायाकडून जन्मलेल्या माणसाच्या पायात गुण असतो ही समजूत महाराष्ट्रभर आहे. उसण भरलेला स्नायू दोन-चार दिवसांत, फार तर आठवडाभरात बहुधा आपणच सुटतो. पाय लागला नसता तरी सुटला असता. तरीही पाय लागल्यावर बरं वाटलं, हे मी नाकारणार नाही. दुखऱ्या जागी कुणीतरी आत्मविश्वासाने हात (किंवा पाय) ठेवतो, तू बरी होणार म्हणतो, भीतीने आखडलेलं अंग सैल पडतं. शिवाय आपण कुणाकडे कधी जातो? दुखणं अगदी टोकाला गेलं की. टोकाला गेलेलं दुखणं तसंही उतरणारच असतं. तुमच्या यजमानांच्या दहा बैठकांत झटक्याचा वाटा किती, उतरणीचा किती, हे त्यालाच काय, कुणालाच एका माणसावरून सांगता येणार नाही. म्हणून तर शेकडो माणसांच्या चाचण्या करतात.

तो 'कट्' आवाजही लोकांना फार पटतो. काहीतरी सरकलेलं होतं, ते बसलं, आवाजही आला! आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते त्याचा. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोटांचे सांधे एमआरआयमध्ये ओढून हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं. हाड कुठून कुठे गेल्याचा तो आवाज नाही, म्हणूनच तोच सांधा लगेच पुन्हा वाजत नाही, वीसएक मिनिटं जावी लागतात. (बोटं मोडू नकोस, संधिवात होईल, असं आईने सांगितलं म्हणून डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने ६० वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. दोन्ही हात सारखेच राहिले. त्याला २००९ मध्ये गमतीचं इग नोबेल मिळालं.) आपल्याकडे 'गादी सरकली' म्हणतात तेव्हाही लोकांच्या डोळ्यांसमोर हाताने ढकलून परत बसवता येईल अशी वस्तू असते. मणक्यांमधली चकती दोन्ही बाजूंच्या हाडांना घट्ट चिकटलेली असते. ती फुगते, फाटते, आतला गर बाहेर येतो. तो कुणालाही ढकलून आत घालता येत नाही. पण बाहेर आलेला गर बऱ्याच जणांत काही महिन्यांत शरीर स्वतःच जिरवून टाकतं. पामरच्या प्रज्ञेला द्यायचं तर याचं श्रेय द्या हवं तर.

एक्स-रेबद्दल. ३,११० माणसांच्या सीटी आणि एमआरआयचा एक आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. या सगळ्यांची पाठ ठणठणीत होती, कुणालाही काही दुखत नव्हतं. तरी विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, चाळिशीतल्या ६८ टक्क्यांच्या, ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांच्या. मणक्याचा फोटो काढला की काहीतरी सापडतंच. ते सापडलेलं दाखवून माणसाला घाबरवणं सोपं असतं, आणि एकदा घाबरलेला माणूस वाकायला, उचलायला भितो, त्यातून कंबर आणखी आखडते. धोक्याची खूण नसेल तर कंबरदुखीच्या पहिल्या सहा आठवड्यांत एक्स-रे काढू नका, असं खुद्द अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने २०१७ मध्ये आपल्या सदस्यांना सांगितलंय. सब्लक्सेशनचंही तसंच : ब्रिटनच्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलने २०१० मध्ये जाहीर केलं की ही ऐतिहासिक कल्पना आहे, तिच्यामुळे रोग होतात याला संशोधनाचा आधार नाही. म्हणजे त्या व्यवसायातच दोन तट आहेत. डेन्मार्कमध्ये कायरोप्रॅक्टर ओडेन्सच्या विद्यापीठात डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांसोबत शिकतात, कंबर-मानेपुरतं काम करतात, नको तिथे हात घालत नाहीत. तुमच्या गाठीला दुसऱ्या तटातला पडलेला दिसतो.

नवरा म्हणेल, अमेरिकेत यांना परवाना असतो, विमा पैसे देतो, नावाआधी डॉक्टर लावतात. सगळं खरं. पन्नासही राज्यांत परवाना आहे. पण तो मिळाला विधिमंडळांतून आणि कोर्टातून. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ पासून कायरोप्रॅक्टरांना संपवायची मोहीम उघडली होती; काही कायरोप्रॅक्टरांनी १९७६ मध्ये तिच्यावर खटला भरला आणि १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेटझेंडॅनर यांनी असोसिएशनला मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दोषी धरलं. निकाल बहिष्काराबद्दल होता. उपचार लागू पडतो का, हा प्रश्न त्यात सुटलेला नाही. वृद्धांच्या सरकारी विम्यात तर १९७२ पासून सब्लक्सेशन हाच शब्द कायद्यात बसलाय. शब्द कायद्यात बसला म्हणून रोग शरीरात निर्माण होत नाही.

भारतात याच्या उलट, कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळा कायदाच नाही. मोबाइलवर त्या कटकट व्हिडिओंचा पूर आलाय आणि पुण्या-मुंबईत पाट्याही लागल्यात. सासूबाई परत गेल्यावर हा नाद तिकडे सुरू राहिला, तर निदान समोरचा माणूस महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदलेला फिजिओथेरपिस्ट आहे का, एवढं तरी बघायला सासऱ्यांना सांगा.

घरात हे बोलायचं कसं? 'अंधश्रद्धा' हा शब्द काढू नका, संभाषण तिथेच संपेल. नवऱ्याला विचारा : तुला बरं वाटतंय ते छान, पण उरलेल्या बैठकांत काय व्हायला हवं म्हणजे आपण थांबायचं? आणि हाच प्रश्न त्याने क्लिनिकमध्ये विचारावा. चांगला कायरोप्रॅक्टर सांगेल की अमुक झालं की बास, घरी हे व्यायाम कर, रोज चाल, खुर्चीतून दर अर्ध्या तासाने ऊठ. वाईट असेल तो म्हणेल की मणक्याची निगा जन्मभर राखायची असते. २०१४ मध्ये ४०० जुन्या कंबरदुखीवाल्यांवर एक चाचणी झाली : कुणाला शून्य, कुणाला ६, १२ आणि १८ बैठका. बाराच्या पुढे फायदा वाढला नाही, आणि बाराचाही फार मोठा नव्हता. छत्तीसचा आकडा कुठून आला ते क्लिनिकच्या हिशेबनीसाला विचारा.

यजमानांना एवढं मात्र आजच सांगून ठेवा : पायातली ताकद कमी झाली, लघवी-संडासवर ताबा राहिना, बसायच्या जागेभोवती बधिर वाटू लागलं, तर झटके-बिटके बंद आणि थेट इमर्जन्सी. ताप, कारण नसताना उतरलेलं वजन, रात्री झोपू न देणारं दुखणं असेल तर आधी डॉक्टर.

पैशांचं. बारा बैठका होईपर्यंत जाऊ द्या त्याला, फक्त कमरेसाठी, मानेला हात लावायचा नाही असं आधी सांगून. मग लेखी कळवा की पुढचं पॅकेज थांबवतोय, झालेल्या बैठकांचं तपशीलवार बिल द्या आणि उरलेली रक्कम परत करा. सही केलेला करार शोधून ठेवा, त्यात रद्द करण्याचं कलम असेल. विमा कंपनीकडूनही विचारून घ्या की त्यांच्याकडे किती बैठकांचा दावा गेलाय. टाळाटाळ झाली तर न्यू जर्सी राज्याचं कायरोप्रॅक्टिक परीक्षक मंडळ आहे, ते ग्राहक विभागाखाली येतं आणि तक्रारी घेतं. तक्रारीत बाळाचा मणका सेट करून देण्याचा आग्रह झाला होता, हेही लिहा.